काळे कपडे आणले कुठून? गॉथ, खरेदी आणि स्मरणरंजन

"ताई, कपडे आणि खरेदी हा इतिहासाचा विषय होतो का? आरआरसीसमोर हसं नाही ना होणार?"

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय, की आज त्याचं उत्तर सविस्तर लिहूनच टाकते. विषय होतो, अगदी व्यवस्थित होतो. पण नुसतं 'होतो' म्हणून कमिटीसमोर भागत नाही, कसा होतो ते दाखवावं लागतं. म्हणून आज एक केस घेऊ: १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये आकाराला आलेली गॉथ उपसंस्कृती. काळे कपडे, पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती जाड काजळ, पिंजारून उभे केलेले केस. ही मंडळी तुम्ही सिनेमात, मालिकांत नक्की पाहिली असतील. आपला प्रश्न वरवर अगदी साधा आहे. हे सगळं सामान त्यांनी आणलं कुठून? आणि 'आमच्या वेळी सगळं खरं होतं, आता नुसता बाजार झालाय' असं जेव्हा जुने गॉथ सांगतात, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या वाक्याचं करायचं काय?

आधी शब्द तपासू

'गॉथिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येतं, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर येतो. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, हे नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना पाठच असेल. मग या इमारतींचा आणि काळं लिपस्टिक लावणाऱ्या पोरांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. गॉथ ही मूळची रोमन साम्राज्याशी लढलेली जमात. पुढे प्रबोधनकाळातल्या इटालियन लेखकांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला 'गॉथिक' म्हटलं ते चक्क हिणवण्यासाठी, म्हणजे रानटी लोकांची शैली या अर्थाने. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वारं फिरलं. होरेस वॉलपोल नावाच्या खानदानी माणसाने १७६४ च्या अखेरीस 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी छापली. छापताना त्याने बतावणी काय केली? तर म्हणे हे १५२९ साली नेपल्समध्ये छापलेलं जुनं इटालियन पुस्तक, उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, आणि आपण फक्त भाषांतर छापतोय. दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक आपणच असल्याचं कबूल केलं आणि मुखपृष्ठावर 'गॉथिक कथा' असं जोडलं. याच वॉलपोलने लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल नावाचं गॉथिक घर बांधलं. त्यातल्या लांब दालनाचं छत वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका मध्ययुगीन छतावर बेतलंय, पण ते दगडाचं नाही, कागदाच्या लगद्याचं आहे.

हा तपशील वहीत लिहून ठेवा. गॉथिक साहित्याच्या पहिल्याच पायरीवर गतकाळ नव्याने तयार केलेला आहे, बाजारात मिळणाऱ्या साहित्यातून आणि ऐपतीप्रमाणे. एकोणिसाव्या शतकात याच ओढीतून ब्रिटनमध्ये गॉथिक पुनरुज्जीवन झालं, आणि साम्राज्याबरोबर ते मुंबईच्या बेसॉल्टमध्येही येऊन उभं राहिलं. म्हणजे 'आधी सगळं अस्सल होतं, मग बाजाराने बिघडवलं' ही गोष्ट गॉथिकला लावायची असेल, तर ते 'आधी' नेमकं कुठे सापडणार, हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो.

१९७९ ते १९८३: काय घडलं

आता आपल्या काळाकडे येऊ. ऑगस्ट १९७९ मध्ये नॉर्थम्प्टनच्या बाउहाउस या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून मोठं गाणं बाहेर आलं. पुष्कळ लोक गॉथ संगीताची सुरुवात इथून मोजतात. बेला लुगोसी हा १९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातला नट, १९५६ मध्ये वारलेला. तो चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीवर उभा. म्हणजे १९७९ चं 'नवं' गाणं १९३१ कडे बघतंय, १९३१ चा चित्रपट १८९७ कडे बघतोय, आणि कादंबरीतला सरदार स्वतःच शतकानुशतकं जुना. ही उपसंस्कृती जन्मली तीच मागे वळून पाहत.

जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' हा क्लब सुरू झाला. स्पेसिमेन या बँडचा ऑली विस्डम त्याच्या मुळाशी होता. उत्तरेला लीड्समध्ये सिस्टर्स ऑफ मर्सीसारखे बँड आणि त्यांचे चाहते वेगळी वाट काढत होते. सूझी अँड द बॅनशीजची गायिका सूझी सू आणि द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ यांचे चेहरे आणि केस तर नमुनाच ठरले. पार्श्वभूमी काय? १९७९ पासून मार्गारेट थॅचर यांचं सरकार, आणि जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदणीकृत बेरोजगारांचा आकडा ३० लाखांच्या वर.

पण इथे एक गंमत बघा. फेब्रुवारी १९८३ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने या मंडळींवर मोठा लेख छापला, तेव्हा त्यांना नाव दिलं 'पॉझिटिव्ह पंक'. 'गॉथ' हे लेबल अजून पक्कं बसलेलं नव्हतं. आज तीच माणसं मुलाखतीत 'मी १९८१ पासून गॉथ' असं सांगतात, तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पण तो शब्द नंतरच्या काळातून मागे नेऊन चिकटवलेला असतो. इतिहासलेखनात हा धोका सगळीकडे असतो. ज्या काळात शब्द नव्हता त्या काळात त्या शब्दाची माणसं शोधताना दर वेळी थांबून बघायचं: हे नाव कुणी दिलं, कधी दिलं, आणि कुणी स्वतःहून घेतलं?

लिटरेचर रिव्ह्यू: खरेदी कुणाला दिसली नाही?

उपसंस्कृतींचा अभ्यास म्हटलं की बर्मिंगहॅमचं नाव येतंच. तिथल्या विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन सांस्कृतिक अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते सांभाळलं. या परंपरेतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे डिक हेब्डिज यांचं 'सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल', १९७९. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तरुण पोरं रोजच्या वापरातल्या वस्तू उचलतात, त्यांची भलतीच जुळवाजुळव करतात आणि त्यातून प्रस्थापितांना टोचेल असा अर्थ तयार करतात. सेफ्टी पिन हे पंकांचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. मग बाजार जागा होतो, तीच शैली कारखान्यात बनवून दुकानात टांगतो आणि तिची धार जाते. हेब्डिज या प्रक्रियेला सामावून घेणं म्हणतात.

वाचताना हे अगदी पटतं. पण १९८९ मध्ये अँजेला मॅकरॉबी यांनी जुन्या कपड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि एक सरळ सवाल केला. पोरांनी वस्तू 'उचलल्या' म्हणता, पण त्या उचलल्या कुठून? कुणीतरी जुन्या कपड्यांचे गठ्ठे चाळले असतील, त्यातला रेशमी फ्रॉक ओळखून बाजूला काढला असेल, धुऊन इस्त्री करून शनिवारी बाजारात मांडला असेल. दुसऱ्या कुणीतरी घासाघीस करून तो घेतला असेल, घरी नेऊन उसवून शिवला असेल. हे सगळं काम अभ्यासकांच्या नजरेतून निसटलं. का? कारण खरेदी ही बायकांची, घरगुती, जरा हलकीच गोष्ट मानली जायची, आणि उपसंस्कृती म्हणजे रस्त्यावरचा मर्दानी प्रतिकार. मॅकरॉबी दाखवतात की उपसंस्कृतीच्या आत पहिल्यापासून छोटे विक्रेते, शिवणारे, जुनं-पुरं शोधून आणणारे होते. अनेक तरुणांसाठी तेच पोटापाण्याचं साधन होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हेब्डिज यांनी गोधडीची नक्षी वाचली. मॅकरॉबी यांनी विचारलं, चिंध्या कुणी जमवल्या आणि टाके कुणी घातले? दोन्ही प्रश्न लागतात. पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपल्याला जागा मिळते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात.

मग काळे कपडे आणले कुठून?

आता पुराव्यांकडे वळू. लंडनमध्ये केन्सिंग्टन मार्केट नावाची अनेक मजली बंदिस्त बाजारपेठ होती, गाळ्यांची दाटीवाटी असलेली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हिप्पी, पंक, गॉथ असे सगळे तिथे येऊन गेले. क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, प्रसिद्ध होण्याआधी ड्रमर रॉजर टेलरसोबत तिथे जुन्या कपड्यांचा गाळा चालवत होता. मँचेस्टरमध्ये ॲफ्लेक्स पॅलेस, लंडनमध्येच कॅम्डेन मार्केट. अशा ठिकाणी कपड्यांपेक्षाही मोलाची गोष्ट मिळायची, ती म्हणजे ओळखी. कुठल्या क्लबात काय आहे ते तिथे लावलेल्या पत्रकांवरून कळायचं.

पायात काय? डॉक मार्टेन्सचे बूट. हे मुळात नॉर्थम्प्टनशरमध्ये बनणारे कामगारांचे, पोस्टमनचे बूट. त्यांच्या प्रसिद्ध मॉडेलचं नाव '१४६०' आहे ते १ एप्रिल १९६० या तारखेवरून. केसांना काय? न्यू यॉर्कमध्ये टिश आणि स्नूकी बेलोमो या दोन बहिणींनी १९७७ मध्ये 'मॅनिक पॅनिक' हे दुकान काढलं आणि भडक केशरंगांचा धंदा त्यातून उभा राहिला. लहान गावात राहणाऱ्यांसाठी संगीत साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर टपालाने कपडे मागवण्याच्या जाहिराती असायच्या. मनीऑर्डरसारखी रक्कम पाठवायची आणि पार्सलची वाट बघायची.

सरकारचाही यात एक मजेशीर हात आहे. १९८३ मध्ये थॅचर सरकारने देशभर एक योजना लागू केली. बेरोजगार माणसाने स्वतःचा धंदा सुरू केला आणि १००० पौंड भांडवल दाखवलं, तर त्याला आठवड्याला ४० पौंड मिळायचे. क्रिएशन रेकॉर्ड्स काढणारा ॲलन मॅगी या योजनेच्या लाभार्थींपैकी एक. जी उपसंस्कृती थॅचरविरोधी म्हणून आठवली जाते, तिच्या अवतीभवतीच्या छोट्या धंद्यांना थॅचरच्याच योजनेचा टेकू मिळू शकत होता. असं काही हाती लागलं की विरोधाभास म्हणून टाळू नका, त्याच्यावर एक उपविभाग लिहा.

आता आणखी मागे जाऊ. काळा रंग, लेसचा बुरखा, जेटचे दागिने, हे सगळं गॉथ मंडळींनी व्हिक्टोरियन शोकवेशातून घेतलं. तो तरी 'बाजाराबाहेरचा' होता का? १८४१ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 'जेज लंडन जनरल मोर्निंग वेअरहाउस' हे दुकान उघडलं. तिथे सुतकाचे कपडे तयार मिळायचे. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शोकवेश सोडला नाही. प्रजेत त्याचं अनुकरण झालं. काळं क्रेप कापड विणून कोर्टोल्ड कंपनी गबर झाली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात जेट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा झालेला काळा दगड, कोरण्याच्या धंद्यात १८७० च्या आसपास हजाराहून जास्त माणसं होती. कुणाच्या घरी माणूस गेलं तर किती दिवस काय घालायचं, याचे नियम होते आणि प्रत्येक नियमामागे एक विक्रीची वस्तू होती.

म्हणजे १९८२ मधल्या मुलीने जुन्या बाजारातून काळा लेसचा झगा घेतला, तेव्हा ती ज्या गतकाळाची आठवण अंगावर घालत होती, तो गतकाळ स्वतःच एक जबरदस्त खरेदी-मोहीम होता. तो झगाही बहुतेक वेळा खराखुरा व्हिक्टोरियन नसायचाच. एखाद्या आजीच्या तरुणपणचा, चाळीस-पन्नासच्या दशकातला असायचा, तिने टाकून दिलेला.

व्हिटबी: बाजार असूनही आपलं

व्हिटबीचं नाव निघालंच आहे तर तिथे थोडं थांबू. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये या गावी राहिला होता आणि ड्रॅक्युलाचं जहाज त्याने इथल्याच किनाऱ्याला लावलं. १९९४ पासून तिथे व्हिटबी गॉथ वीकेंड भरायला लागला. जो हॅम्पशर यांनी तो सुरू केला. संगीत, गाठीभेटी आणि हो, कपड्यादागिन्यांचा भलामोठा बाजार.

पॉल हॉडकिन्सन स्वतः गॉथ होते. त्यांनी नव्वदच्या दशकात याच समूहावर संशोधन केलं आणि २००२ मध्ये त्यांचं 'गॉथ: आयडेंटिटी, स्टाइल अँड सबकल्चर' हे पुस्तक आलं. 'खरेदी आली म्हणजे उपसंस्कृती संपली' हा समज त्यांनी बाजूला ठेवला. त्यांनी भेद केला तो वेगळाच: हा व्यापार समूहाच्या आतला आहे की बाहेरचा? गॉथ माणसाने गॉथ माणसांसाठी, फारसा नफा न ठेवता मांडलेला गाळा एका बाजूला, आणि समूहाशी देणंघेणं नसलेली मोठी कंपनी दुसऱ्या बाजूला. आतल्या व्यापाराने समूह विरत नाही, उलट टिकतो. विकणारा आणि घेणारा संध्याकाळी एकाच मैफलीत भेटतात. वारीच्या वाटेवरचे तुळशीमाळांचे, बुक्क्याचे विक्रेते आठवा. त्यांच्यामुळे वारीचा बाजार झाला असं कुणी म्हणत नाही.

हॉडकिन्सन यांच्या चौकटीलाही मर्यादा आहेत, आणि त्या तुम्हाला दाखवता आल्या पाहिजेत. 'आतला' कोण हे ठरवतं कोण? सारा थॉर्नटन यांनी १९९५ च्या 'क्लब कल्चर्स' मध्ये उपसांस्कृतिक भांडवल ही कल्पना मांडली. कोणाला काय माहीत आहे, कोणी कुठून काय मिळवलं, यावर समूहाच्या आतही उतरंड तयार होते. डन्या ब्रिल यांनी २००८ च्या अभ्यासात दाखवलं की गॉथ पुरुषांनी काजळ-लिपस्टिक लावलं तर त्याचं कौतुक होतं, मात्र बाईला मिळणारी मान्यता अजूनही नटूनथटून सुंदर दिसण्याशीच बांधलेली राहते. आणि चेहरा पांढराफटक करणं हा ज्या शैलीचा आदर्श, तिथे सावळ्या किंवा काळ्या कातडीच्या मुलामुलींनी आपली जागा कशी करून घेतली, यावर अजून पुष्कळ काम करण्यासारखं आहे.

'आमच्या वेळी असं नव्हतं'

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात 'हॉट टॉपिक' ही दुकानांची साखळी सुरू झाली आणि अमेरिकेतल्या मॉलमॉलमध्ये पोचली. १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तेव्हापासून जुन्या गॉथ मंडळींच्या तोंडी 'मॉल गॉथ' ही शिवी आहे. म्हणजे ज्याने शोधलं नाही, शिवलं नाही, नुसतं विकत घेतलं, तो.

ही तक्रार म्हणजे निखळ स्मरणरंजन. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तयार केला, घरच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी. म्हणजे हा शब्दसुद्धा एका प्रबंधातूनच आलाय! स्वेतलाना बॉयम यांनी २००१ च्या 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' मध्ये त्याचे दोन प्रकार केले. एक, पुनर्स्थापना करू पाहणारा: तो म्हणतो, ते घर खरंच तसं होतं, पुन्हा तसंच बांधू. दुसरा, चिंतन करणारा: त्याला माहीत असतं की घर गेलं, तो त्या हुरहुरीतच रमतो, तिच्याकडे जरा लांबून हसतही बघतो.

मुलाखतीत 'आम्ही सगळं स्वतः शिवायचो' हे वाक्य आलं की नवा संशोधक दोनपैकी एक करतो. एक तर ते तसंच्या तसं वस्तुस्थिती म्हणून लिहितो, नाहीतर 'म्हाताऱ्यांची आठवण' म्हणून उडवून लावतो. दोन्ही नको. त्या वाक्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, वस्तुस्थितीचा दावा, जो तपासता येतो: त्याच वर्षांतल्या जाहिराती, बाजारांचे फोटो, टपाल कॅटलॉग काढा, शिवलेलं किती आणि आणलेलं किती याचा अंदाज येतो. दुसरी, कष्टांची आठवण: विकत आणलेला कपडाही उसवून, रंगवून, साखळ्या लावून बदलला जायचा, आणि तोच भाग मनात राहतो. तिसरी, आजच्याबद्दलचं मत: बोलणारा १९८२ बद्दल बोलताना खरं तर आजच्या मॉलबद्दल बोलतोय, स्वतःची जागा राखतोय.

आणि या वाक्याने बाहेर कोण पडतं तेही विचारा. ज्याच्या गावापासून कॅम्डेन किंवा ॲफ्लेक्स जवळ होतं, त्याला 'शोधून आणणं' परवडलं. अमेरिकेतल्या एखाद्या आडगावच्या मुलीला मॉलमधलं ते एक दुकान हाच दरवाजा होता. तिची खरेदी खोटी आणि लंडनच्या पोराची खरी, असं म्हणायला इतिहासकाराकडे आधार काय?

गंमत म्हणजे नवी पिढीही मागेच बघतेय. २०२२ च्या 'वेन्सडे' मालिकेत जेना ऑर्टेगा जो नाच करते, तो बसवताना ऐंशीच्या दशकातल्या क्लबांमधल्या गॉथ मंडळींची जुनी चित्रफीत आणि सूझी सू यांचा आपल्यावर प्रभाव होता, असं तिने स्वतः सांगितलंय. नाचाचं गाणं द क्रॅम्प्स या बँडचं, १९८१ चं. आणि तेही १९६२ च्या एका गाण्याची नवी आवृत्ती. वेन्सडे हे पात्र ज्या कुटुंबातलं, ते कुटुंब चार्ल्स ॲडम्स यांच्या १९३८ पासूनच्या व्यंगचित्रांतलं. तळ सापडतच नाही.

मग हे एवढं गांभीर्याने का घ्यायचं?

इतकं वाचून एखाद्याला वाटेल, म्हणजे सगळा देखावाच की. तिथे सांभाळा. ११ ऑगस्ट २००७ च्या रात्री लँकशरमधल्या बेकप गावच्या एका बागेत सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने हल्ला केला. दोघे गॉथ पेहरावात होते, आणि कारण तेवढंच होतं. सोफी २४ ऑगस्टला गेली. तिच्या आईने पुढे केलेल्या कामातून २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा उपसंस्कृतींतल्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

मारणाऱ्यांनी कपडे कुठून आणले ते विचारलं नव्हतं. दुकानातून विकत घेतलेली वस्तू अंगावर चढली की ती त्या माणसाची होते आणि तिची किंमत त्यालाच मोजावी लागते. म्हणून 'ही नुसती खरेदी' असं लिहिण्याआधी, आणि 'हा शुद्ध प्रतिकार' असं लिहिण्याआधीही, पेन थोडं थांबवायचं.

सिनॉप्सिससाठी हाताशी ठेवा

तुमचा विषय गॉथ असणार नाही. कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी असतील, गिरणगावातली सिनेमाची तिकिटं असतील, नाहीतर नऊवारीची नवी फॅशन असेल. तरी हे पाच प्रश्न तसेच लागू पडतात.

१. या समूहाचं नाव कुणी दिलं आणि कधीपासून? त्याआधी ही माणसं स्वतःला काय म्हणायची?

२. ज्या वस्तूंचा 'अर्थ' आपण लावतोय त्या आल्या कुठून, कुणी विकल्या, कुणी दुरुस्त केल्या?

३. ज्या गतकाळाची ओढ दिसते, तो गतकाळ स्वतः कसा घडवला गेला होता?

४. मुलाखतीतलं 'आमच्या वेळी' हे वाक्य कुठल्या दुसऱ्या साधनाशी ताडून बघता येईल? आणि फोटो वापरणार असाल तर लक्षात ठेवा, लोक नटून जातात त्याच रात्रीचे फोटो निघतात. मंगळवारी सकाळी कामावर जाताना ती मुलगी काय घालत होती, हे फोटो सांगत नाही.

५. 'अस्सल' कोण हे ठरवण्याने कोण आत राहिलं आणि कोण बाहेर गेलं?

यातल्या दोन प्रश्नांची जरी तुमच्या विषयापुरती ठोस उत्तरं सिनॉप्सिसमध्ये असतील, तरी आरआरसीत कुणी हसणार नाही. हसलंच कुणी, तर त्यांना नम्रपणे राजाबाई टॉवरपासून सुरुवात करून सांगा.

पुढच्या लेखात जाहिराती आणि कॅटलॉग हे साधन म्हणून कसे वाचायचे ते बघू. तोपर्यंत घरातलं एखादं जुनं दिवाळी अंकाचं गाठोडं सोडा आणि त्यातल्या फक्त जाहिराती वाचा, लेख नकोत. प्रत्येक जाहिरातीपुढे वर्ष, वस्तू, किंमत आणि पत्ता एवढंच लिहीत जा.